चौथा तवा

नागपूर,
१० जानेवारी १९८२

चि. जागेश्वर यास ताईचा आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. कोपरा फाडलेलं कार्ड नव्हे, नीट चिकटवलेलं पाकीट आहे. तेव्हा आधी हातपाय धू, चहा घे, आणि मग वाच.

तेरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. त्या बाबतीत आपण बरोबरीत आहोत. सुभद्राचं दिवाळीचं कार्ड मात्र न चुकता येतं, म्हणून भिलाईचा पत्ता ठाऊक आहे आणि तू अजून कारखान्यात आहेस हेही ठाऊक आहे.

आता कामाचं. दिवाळीपासून मी माडीवरची खोली भाड्यानं दिली आहे. प्रेमिला नावाची मुलगी आहे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. घर शहरातच, इंदोऱ्याला, पण कामाला इथून जवळ पडतं. सामान म्हणजे एक वळकटी, एक स्टोव्ह आणि एक लाल रंगाचा रेकॉर्ड प्लेयर. मी विचारलं, ताटंवाट्या कुठे आहेत? तर म्हणाली, "घेईन नं काकू हळूहळू. हे पहिले घेतलं." हिचं काही खरं नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि तेव्हाच ती मला आवडली.

परवा संक्रांतीची झाडझूड काढली. प्रेमिला मदतीला आली आणि तिच्या हाती लागली ती लुगड्यात गुंडाळलेली बाबांची गंमत. माझ्या वाटणीची. तिनं ते ग्रामोफोनचे तवे उन्हात धरून पाहिले आणि म्हणाली, "काकू, हे वाजत नाही काय?" मी म्हटलं, वाजवू कशावर? चावीचा फोनो भावाकडे गेला. "माझ्याच्यावर वाजते नं! सुई उलटी करा लागते फक्त."

इतकी सोपी गोष्ट होती बघ. पहिला तवा लागला. आधी नुसती खरखर, मग डफ, आणि मग लहानू शाहिरांचा तो चढा आवाज. मी उभी होते ती खाली बसले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग त्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. की आमचे वडील शालिकराम, दिवसभर मागावर बसत आणि सांजच्याला लहानू शाहिरांच्या खडी गमतीत, म्हणजे उभ्यानं गाऊन करायच्या नाटकात, झीलकरी म्हणून उभे राहत. शाहिरानं ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची. जन्मभर बाबा मागेच उभे राहिले. फक्त कंपनीनं ‘राजाच्या शेल्याची गंमत’ सहा तव्यांवर भरून घेतली तेव्हा शाहिरांनी त्यांना एकदा पुढे ढकललं. राजाला बिनगाठीचा शेला हवा असतो, तो कोष्ट्याला दरबारात उभा करून जाब विचारतो, आणि कोष्टी उत्तर देतो. तो कोष्टी म्हणजे आपले बाबा. तेवढं एक उत्तर.

पहिला झाला, मग प्रेमिला म्हणाली, "आता दुसरा." मी म्हटलं, दुसरा नाही. तिसरा आहे. "अन् दुसरा?" भावाकडे. पाचवा माझ्याकडे, सहावा भावाकडे. मग मी वाटणीच्या वेळी बाबाराव काकांनी दिलेला न्याय सांगितला. ताण्याचे धागे कसे एक सोडून एक वर उचलले जातात आणि उरलेले खाली राहतात, तशी वाटणी करा म्हणजे कोणावर अन्याय नाही. आणि सगळी जमात कशी मान डोलावत होती. प्रेमिला पोट धरून हसली. "गाण्याची वाटणी एक सोडून एक? हे तं कोष्टीच करू शकते, काकू."

मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. तेव्हा सुचलं नाही रे कोणालाच. बसलेल्यांपैकी एकानंही म्हटलं नाही की अहो, ही एक गोष्ट आहे, लुगड्यांची चळत नव्हे.

तिसऱ्याच्या अखेरीस राजा विचारतो, "कोष्ट्या, धागा तुटला तं काय करतं?" आणि तवा संपतो. प्रेमिला म्हणाली, "मंग? काय म्हणते कोष्टी?" मी सांगितलं, ते चौथ्यात आहे. चौथा आला की ऐकशील.

तर दुसरा, चौथा, सहावा कोणी विश्वासाचं माणूस येत असेल त्याच्याबरोबर पाठव. प्रेमिलाच्या भावाकडे टेप आहे. सगळं ओळीनं कॅसेटवर भरून घेऊ आणि तुझे तवे तुला परत. तुझे ते तुझेच राहतील.

सुभद्राला आशीर्वाद.

ताई

नागपूर,
४ फेब्रुवारी १९८२

चि. जागेश्वर,

तुझं कार्ड पोचलं. "पत्र पावले. सर्व खुशाल. तव्यांचे सवडीने पाहू." तेरा वर्षांनी भाऊ लिहितो आणि निम्मं कार्ड कोरं सोडतो. शाईला रेशन लागलं आहे का भिलाईत?

बरं, सवडीनं पाहा. तोवर मी इकडचं लिहिते, म्हणजे तुझ्या कार्डाची भरपाई होईल.

रविवारी प्रेमिलाला सुटी असते आणि सकाळपासून तिचा प्लेयर चालू असतो. पहिले दोन महिने मी खालून झाडूच्या दांड्यानं तक्तपोशी ठोकत असे. गाणं म्हणजे आपण लहानपणी ऐकलं ते, पुढचा सगळा गोंगाट, असं माझं ठाम मत. तिच्याकडे सिनेमाची गाणी आहेत, गझला आहेत, आणि एक्स्चेंजमधल्या कोणा मैत्रिणीनं दिलेली एक परदेशी तबकडी आहे, त्यात नुसती तुताऱ्यांची आणि ढोलांची मारामारी. शब्द एक नाही.

आणि मागच्या रविवारी तांदूळ निवडत बसले होते, तर माझ्या लक्षात आलं की सूप त्या ढोलांच्या ठेक्यावर हलतंय. तांदूळ पाखडले जाताहेत, खडे तसेच. मी सूप खाली ठेवलं आणि जिना चढून वर गेले. प्रेमिला घाबरली, म्हणाली, "बंद करू काय काकू?" मी म्हटलं, नको, पहिल्यापासून लाव. पन्नाशीच्या शाळामास्तरणीनं परदेशी ढोल ऐकत मांडी घालून बसावं, हे तुला पटायचं नाही. मलाही नीटसं पटलेलं नाही. पण पुन्हा ऐकलं.

शेजारच्या शोभाताई परवा कुंपणापाशी हळूच म्हणाल्या, "कोणाले ठेवलं वं घरात?" त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, तुलाही कळेल. मी म्हटलं, "जिले गाणं समजते तिले." त्यानंतर शोभाताई चार दिवस बोलल्या नाहीत. मग हळदीकुंकवाला आल्या आणि वरचं ऐकू येतंय म्हणून बराच वेळ बसल्या.

तव्यांचं बघ.

ताई

नागपूर,
१२ मार्च १९८२

चि. जागेश्वर,

"तुझेच तवे इकडे पाठव, यंत्र इकडे आहे, इथेच भरून घेऊ." अच्छा! म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. फोनो तुझ्याकडे आहे म्हणून गंगा नेहमी तुझ्याच दिशेला वाहायची काय?

माझे तवे मी पाठवणार नाही. लाखेचे आहेत, धक्का लागला की भुगा. आणि खरं सांगायचं तर माझा तुझ्यावर भरवसा नाही. होता, तोही तू मागाबरोबर मोडलास. बाबांच्या तेराव्याचे पाहुणे घरी पोचलेही नसतील, तोवर तू माग उकलून, त्याचा खड्डा बुजवून, भिलाईच्या गाडीत बसायला मोकळा. "ताई, तुले काय, तुले सरकारी पगार आहे." असं म्हणालास. मी जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंच आहे तर राहू दे, खोडलं तर पान घाण होईल.

मी तुला तव्यांचं कारण नीट सांगितलं नाही. प्रेमिलाला ऐकायचं आहे, कॅसेट करायची आहे, हे सगळं आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी एकदा स्वयंपाक करता करता मी बाबांची हाक आठवायला गेले. ते मागावरून हाक मारायचे, "कुसुम, पाणी आण वं." शब्द आठवले. मागाचा खटखट आवाज आठवला. बाबांचा आवाज आला नाही. चेहरा आठवतो, फोटो आहे भिंतीवर. अंगाचा खळीचा वास आठवतो. आवाज मात्र गेला रे. मी आठवायला जाते आणि तिथे कोणी दुसराच बोलतो. कधी रेडिओवरचा माणूस, कधी आमचे हेडमास्तर.

पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या तव्यात बाबा आहेत, पण झिलीत आहेत, पाच जणांच्या गळ्यात मिसळलेले. मी कान लावून लावून शोधते. प्रेमिला दिवसभर कानावर माणसांचे आवाज घेते, तीही म्हणाली, "नाही ओळखू येत काकू, सारे एक झाले." एकट्या बाबांचा आवाज या जगात एकाच ठिकाणी आहे, चौथ्या तव्याच्या सुरुवातीला. तो तुझ्या घरात आहे.

पोस्टानं पाठवू नकोस. तूच घेऊन ये, किंवा मी येते. मी यायलाही तयार आहे, हे तुला लिहिताना किती जिवावर आलं असेल ते तू समज.

ताई

नागपूर,
१८ एप्रिल १९८२

चि. जागेश्वर,

तुझं उत्तर नाही. मूग गिळून बसलास. मी रोज शाळेतून आल्यावर दारातली फट पाहते आणि मग स्वतःवरच चिडते.

पण आज रागाचं लिहायला बसलेले नाही. चौदा तारखेला प्रेमिलाच्या घरी इंदोऱ्याला गेले होते. तिचे वडील धोंडबा पेटी वाजवतात, त्यांच्या मंडळाचा जयंतीचा कार्यक्रम होता. प्रेमिला म्हणाली, "चला नं काकू, तबकडीवर ऐकता, एकदा समोर ऐका." इतकी वर्षं याच शहरात राहिले, छप्पन साली पांढऱ्या कपड्यांतली माणसं लोंढ्यानं जाताना आपण दोघांनी कट्ट्यावर उभं राहून पाहिली होती. बाबांनी तेव्हा माठ भरून रस्त्यावर ठेवला होता, आठवतं? पण त्यांचं गाणं समोर बसून मी कधी ऐकलं नव्हतं.

गाणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, पदर खोचलेला. तिनं ओळ टाकली आणि मागच्या पाचसहा जणांनी ती अशी उचलली की माझ्या अंगावर काटा आला. कारण ती झील होती, जागेश्वर! तीच. शेवटचा शब्द ओढायचा, वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. शब्द निराळे, बाबासाहेबांचे, शाळेत जाण्याचे, पाण्याचे. पण मागे उभं राहणारी माणसं तशीच, गळ्याच्या शिरा ताणून, शाहिराच्या मानेकडे बघत. बाबा असेच बघायचे लहानू शाहिरांकडे.

तिसऱ्या कडव्याला मी झील धरली. कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या बायांनी वळून पाहिलं, मग सरकून जागा दिली. नंतर धोंडबा म्हणाले, "बाई, तुमचा गळा झिलीचा आहे. कोणाच्या घरच्या तुम्ही?" मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी लहानू शाहिरांची गंमत ऐकलेली होती, उमरेडच्या जत्रेत. बाबांचं नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मागच्यांचं नाव कोणाला ठाऊक असतं?

घरी येताना रिक्षात मी फार आनंदात होते. नव्या गाण्याचा आनंद होता आणि त्यात जुनं सापडल्याचाही होता. हे सांगावं असं माणूस मला एकच आठवलं, आणि ते उत्तर देत नाही.

ताई

नागपूर,
२० जून १९८२

चि. जागेश्वर,

आधी हे वाच आणि मग सुभद्राशी बोल. त्याआधी बोललास तर माझी शपथ आहे.

काल तिच्या माहेरचा माणूस एक खोकं देऊन गेला. सोबत तिची चिठ्ठी. खोक्यात कापूस, कापसात एक काळी फुलदाणी. कडा झालरीसारख्या दुमडलेल्या, बुडाला मधोमध एक भोक, आणि भोकाभोवती विटलेला लाल कागद. त्यावर अर्धवट दिसतं, ‘शेल्याची गंमत’, आणि खाली आकडा ४.

सुभद्रानं सगळं लिहिलं आहे. क्वार्टरमधल्या बायकांनी तिला शिकवलं होतं, जुना तवा उकळत्या पाण्यात धरायचा, मऊ पडला की पालथ्या गंजाच्या बुडावर दाबायचा, गार झाला की फ्लॉवरपॉट तयार. तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. तिनं पेटीतला वरचा तवा उचलला. "ताई, मले कोणी सांगतलंच नाही का त्यात काय आहे. ह्यायनं पेटी कधी उघडली नाही. एकदाच लावले होते, आल्या आल्या. दुसरा लावला, मंग चौथा, मंग सहावा. अन् पेटी बंद करून वर टाकली ते टाकलीच." इतकी वर्षं ती फुलदाणी तुमच्या कपाटावर, मग टीव्हीवर, प्लॅस्टिकच्या गुलाबांसकट. आणि माझं जानेवारीतलं पत्र आल्यावर तू पेटी उघडलीस, दोनच तवे निघाले, तू विचारलंस, आणि तिनं टीव्हीकडे बोट दाखवलं.

ती लिहिते, त्या दिवशी तू जेवला नाहीस. नंतर फक्त म्हणालास, "ताईले सांगू नको."

गाढवा. पाच महिने मी तुला दगड समजत होते.

खरं सांगते, खोकं उघडल्यावर मला आधी संताप आला. फुलदाणी फेकणारच होते. मग प्रेमिला आली, तिनं ती हातात घेतली, गोल फिरवली आणि गंभीरपणे म्हणाली, "काकू, सुई कुठून लावाची?" आणि आम्ही दोघी जिन्यावर बसून हसलो. इतक्या हसलो की शोभाताई काय झालं पाहायला आल्या. त्यांनाही सांगितलं, त्याही हसल्या. सगळ्या गेल्यावर मी रडले. बोटांनी चाचपून पाहिलं, रेघा तशाच आहेत. बाबांचा आवाज त्यात आहे. फक्त तिथे आता पोचता येत नाही.

सुभद्रावर रागावू नकोस. ज्या पेटीला नवरा हात लावत नाही तिच्यात काय आहे हे बायकोनं कसं ओळखायचं? आणि तू पेटी का बंद करून ठेवलीस हेही मला आता कळतं. तुझ्याकडे उत्तर होतं आणि प्रश्न नव्हता. मी इकडे तिसऱ्याच्या अखेरीस अडकायचे, तू तिकडे चौथ्याच्या सुरुवातीला. एकाच जागी अडकलो होतो की रे आपण.

आता ऐक. चौथा तवा आपल्याला पाठ आहे. बाजेखाली आपण ती गंमत किती वेळा केली असेल! मी राजा, हातात पळी. तू कोष्टी, कारण तू लहान. तू ‘मले बी राजा व्हाचं आहे’ म्हणून रडायचास आणि बाबा मागावरून म्हणायचे, "अरे कोष्टी हो गा, बोलाले तं भेटते." दुसरा आणि सहावा घेऊन ये. चौथ्याच्या जागी आपण दोघं बसू आणि प्रेमिला टेप लावील. बाबांचा आवाज नाही मिळणार, हे मी मनाला समजावलं आहे. समजावते आहे. पण गोष्ट तरी अखंड होईल.

सुभद्रालाही आण.

ताई

नागपूर,
१ ऑगस्ट १९८२

चि. जागेश्वर,

"पोळ्याला येतो. दोघे." बाकीचं कार्ड कोरं. या वेळी माझी तक्रार नाही.

तवे मांडीवर घेऊन बस, वर ठेवू नकोस. आणि वाटेत शिळं काही खाऊ नकोस, तुझा गळा बसेल.

ताई

नागपूर,
५ सप्टेंबर १९८२

चि. जागेश्वर आणि चि. सौ. सुभद्रा यांस अनेक आशीर्वाद.

या पत्रासोबत जो माणूस आला आहे त्याच्याकडे कॅसेट आहे. ती ऐकण्याआधी हे वाच. तू होतास, तुझ्यासमोर सगळं झालं, तरी लिहिते. कारण तुझी संध्याकाळची गाडी होती आणि तू काही ऐकून गेला नाहीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, तू बसला होतास आणि तुझं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं. प्रेमिलानं टेप परवा आणून दिली. मी आणि ती वर बसून ऐकली.

पहिला तवा झाला. मग दुसरा. मी दुसरा तेरा वर्षांनी ऐकत होते, शेला विणायला बसलेल्या कोष्ट्याच्या बायकोचं गाणं आहे त्यात, ते मी पार विसरले होते. तिसरा झाला. राजानं प्रश्न विचारला. सुई खरडली. आणि पुढे आपण ठरवल्याप्रमाणे गाणं यायला हवं होतं.

गाणं नाही आलं. प्रेमिलानं बटण आधीच दाबलं होतं. आपण तयारी करत होतो तेव्हापासून टेप चालू होती. त्यामुळे चौथ्या तव्याच्या जागी हे भरलं गेलं आहे:

"पहिले राजा हासते," मी.

"नाही हासत. पहिले डफ आहे," तू.

"अरे हासते! हा हा हा, असा. लहानू शाहीर पोट हलवून हासत होते."

"ते दरबारात आल्यावर. इथं डफ आहे, मंग झील, मंग बाबा. ताई, तू लहानपणी बी असंच करत होती, जिथं तिथं राजाले घुसवाची."

"एवढी वर्ष तवा तुह्याकडं होता अन् तुले माहीत नाही?"

"तव्यात फुलं होती नं, ताई!"

इथे सुभद्रा हसते. ऐकू येतं, आधी दबकत, मग मोठ्यानं. मग तू हसतोस. रस्त्यावर मारबत बाईच्या पुतळ्याची मिरवणूक जवळ आलेली आहे, ढोल वाढत जातात, पोरं ओरडताहेत, रोगराई, महागाई, काय काय घेऊन जायला सांगताहेत तिला. मला वाटलं होतं हा गोंधळ टेपची वाट लावील. तसं झालं नाही. त्या गोंधळातच मी राजाचा आवाज काढून म्हणते, "बरं. कोष्ट्या, धागा तुटला तं काय करतं?"

प्रश्न माझा होता. उत्तर द्यायचं काम तुझं. मी का तोंड उघडलं मला माहीत नाही, पण टेपवर दोन आवाज आहेत, तुझा आणि माझा, एकाच वेळी:

"सांधतो जी महाराज. तुटते तं रोजच."

जागेश्वर, मी ती जागा मागे नेऊन पुन्हा लावली. प्रेमिलाला वाटलं टेप अडकली. त्या चौथ्या तव्यातली एकही गोष्ट आपल्याला सारखी आठवत नाही. तुझा डफ, माझा राजा, तुझी झील, माझं कडवं, सगळं वेगळं. पण त्या ओळीत आपण दोघं ‘महाराज’ नंतर सारखंच थांबलो. दोघांनी तिथे श्वास घेतला. आणि ‘रोजच’ दोघांनीही तसंच खाली सोडून दिलं, जणू समोर राजा नाही, दारावरच्या भाजीवालीला भाव विचारतोय. बाबा तसेच म्हणायचे. भर दरबारात, कंपनीच्या यंत्रासमोर, आयुष्यात एकदा पुढे उभं केलेलं असताना, ते तसंच म्हणाले होते. घाबरले नव्हते आणि ऐटही आणली नव्हती.

मला बाबांचा आवाज आठवला. खरं आहे ते. काल चुलीपाशी मी मुद्दाम आठवून पाहिलं. "कुसुम, पाणी आण वं." आला. रेडिओचा माणूस नाही, हेडमास्तर नाही. बाबा.

प्रेमिला म्हणाली, "एवढ्या एका वाक्यासाठी मले संक्रांतीपासून थांबवलं तुम्ही?" आणि मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं ती ओळ आता एक्स्चेंजमध्ये लागू केली आहे. लाइन तुटली आणि कोणी ओरडलं की म्हणते, "सांधतो जी. तुटते तं रोजच."

पाचवा आणि सहावा नीट भरले आहेत. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जागा उरली होती, तिथे धोंडबांच्या मंडळाची, जयंतीला टेप केलेली दोन गाणी आणि ती तुताऱ्या-ढोलांची तबकडी भरली आहे. नाक मुरडू नकोस. दोनदा ऐक, मग बोल. दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यापासून झिलीत एका बाईचा आवाज जरा पुढे गेला आहे, ती मी आहे.

सुभद्रा, तुझी फुलदाणी परत पाठवत नाही. ती प्रेमिलाच्या प्लेयरशेजारी ठेवली आहे आणि तिच्यात सध्या दारच्या झेंडूची फुलं आहेत. प्लॅस्टिकची नकोत. आणि मनाला लावून घेऊ नकोस. तू तो तवा मऊ केला नसतास तर यानं तो कोणाच्या तरी हाती पाठवला असता, मी एकटीनं ऐकला असता, आणि हा कधी आला नसता.

मागाचं मी आता काढणार नाही. काढलं तरी भांडायला म्हणून नाही. तू स्टेशनवर मागाबद्दल जे म्हणालास ते मला पोचलं. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं तुला वाटू नये, म्हणून इथे लिहिते.

पुढच्या पोळ्याला या. त्याआधी कॅसेट ऐकून मोठं पत्र लिही, कार्ड नको.

तुझी ताई,
कुसुमावती

ता. क. मी रात्रंदिवस विचार केला आहे. पहिले राजाच हसतो.